पॉपलरच्या सालीवरचे शेंदरी धागे

प्रश्न : डाळिंबाच्या बागेला वाऱ्याचा आडोसा हवा म्हणून दोन वर्षांपूर्वी बांधावर पॉपलर लावले. रोपं उत्तरेकडून ट्रकने आली होती. उन्हाळ्यानंतर काही झाडांची नैऋत्येकडची साल खचून तपकिरी झाली आणि पहिल्या पावसानंतर तिथून शेंदरी शेवयांसारखे धागे निघाले. हा खैऱ्या आहे का? तेल्यासाठी आणलेलं स्ट्रेप्टोसायक्लिन उरलंय, ते मारू का?
– एक शेतकरी, ता. सांगोला

उत्तर : स्ट्रेप्टोसायक्लिन मारू नका, ते जिवाणूंवरचं औषध आहे. डाळिंबाचा तेल्या आणि लिंबाचा खैऱ्या हे दोन्ही जिवाणूंमुळे होतात. तुमच्या पॉपलरवर बुरशी आहे, आणि शेंदरी धागे ही सायटोस्पोराची खूण. सालीत टाचणीच्या डोक्याएवढे फोड असतात. ओल मिळाली की त्यांतून बीजाणू चिकट धाग्यासारखे बाहेर पडतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर दुसऱ्या जखमेवर जातात. ही बुरशी मुख्यतः पॉपलर आणि वाळुंजावर येते, त्यामुळे डाळिंबाची काळजी नको.

खरं तर ही बुरशी दुबळी आहे. भरपूर पाणी मिळणारं झाड जखमेभोवती बुचाची भिंत घालून तिला अडवतं. तहानलेल्या झाडाला ते वेळेवर जमत नाही. पॉपलर मुळात नदीकाठचं झाड, साल पातळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42च्या आसपास जातो आणि दुपारचं ऊन नैऋत्येकडची साल भाजून काढतं. त्यातच मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलं यावीत म्हणून, तुम्ही बागेचं पाणी तोडत असाल, तर बांधावरच्या पॉपलरलाही नेमका एप्रिल-मेमध्ये ताण बसतो. आमच्या मते दुखण्याचं मूळ इथंच आहे. पॉपलरला ठिबकची वेगळी नळी टाका, वेगळ्या कॉकवर.

आता उपाय. चाकूने साल थोडी खरवडून पाहा : आतून हिरवट-पांढरी असेल तर जिवंत, तपकिरी-काळी असेल तर मेलेली. फांदीवर डाग असेल तर डागाच्या खाली 10 ते 15 सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन कापा. खोडावर असेल तर मेलेली साल जिवंत कडेपर्यंत काढा. काम कोरड्या दिवशी करा, प्रत्येक झाडानंतर हत्यार स्पिरिटने पुसा आणि कापलेलं सगळं जाळा. बांधावर ढीग ठेवला तर मेलेल्या सालीतही बुरशी बीजाणू सोडत राहते. डागाने खोडाला निम्म्याहून जास्त वेढा घातला असेल, तर ते झाड काढलेलंच बरं.

कापांवर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको. मिश्रणात विळा बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. पेस्ट ताजीच वापरा. ती नवी लागण अडवते. सालीत शिरलेली बुरशी तिने मरत नाही, आणि झाडाच्या आत भिनणाऱ्या (आंतरप्रवाही) बुरशीनाशकावरही त्यासाठी भरवसा ठेवू नका. मार्चअखेर खोडाला चुन्याची सफेदी द्या, म्हणजे साल भाजणार नाही.

प्रश्न : या रोगाला बळी न पडणारी पॉपलरची जात कोणती?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पूर्ण प्रतिकारक जात नाही. लोंबार्डी पॉपलर सायटोस्पोराला लगेच बळी पडतो. उत्तर अमेरिकेत सेप्टोरिया या दुसऱ्या बुरशीच्या कँकरपुढे (सालीवरच्या रोगट जखमांपुढे) तिथला डेल्टॉइड्स पॉपलर बराच तग धरतो, पण त्याचे ट्रायकोकार्पा या दुसऱ्या पॉपलरशी केलेले संकर कोसळतात. आपल्याकडे मात्र जातीआधी जागेचा प्रश्न येतो. भारतात पॉपलरची शिफारस 28 अंश अक्षांशाच्या उत्तरेला, म्हणजे पंजाब, हरियाणा, तराई या भागांत आहे. सोलापूर 18 अंशांच्याही खाली. तरीही लावायचेच असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत, पानं नसताना लावा. प्रवासात सुकलेल्या रोपांत ही बुरशी आधीच उठलेली असू शकते, म्हणून डाग असलेली रोपं बाजूला काढा, बाकीची 24 ते 48 तास स्वच्छ पाण्यात उभी ठेवा आणि मगच 1 मीटर खोल खड्ड्यात लावा. बांधासाठी आमची पसंती कडुनिंब किंवा करंजालाच.