बांधावरचं गाजर गवत

प्रश्न : बांधावर गाजर गवत माजलंय. मेक्सिकन भुंगे सोडले तर सोयाबीन-तूर खातील का? (एक वाचक, जि. परभणी)

उत्तर : नाही हो, बिनधास्त सोडा. मेक्सिकोहून आणलेला हा भुंगा आपल्याकडे १९८४ मध्ये बंगळुरूत पहिल्यांदा सोडला गेला. सूर्यफुलावर दिसला म्हणून मध्यंतरी बोंब उठली होती. पण त्याचा खरा जीव गाजर गवतावरच! मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, ही त्याची ओळख. अळ्या कोवळे शेंडे फस्त करतात, मग फुलं कुठून येणार? विकत कशाला घेता? पावसाळ्यात रस्त्याकडेच्या कुरतडलेल्या झाडांवरून बरणीत गोळा करा, तोंडाला फडकं बांधा आणि त्याच दिवशी बांधावर सोडा. पाऊस सरला की ते जमिनीत दडतात, तेव्हा दिसले नाहीत म्हणून तणनाशकाचा पंप उचलू नका.