जास्वंदीवरचे पांढरे पुंजके

प्रश्न : कुंडीतील जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, पाने चिकट होतात आणि खोडावर सतत मुंग्यांची रांग असते. मुंग्यांची पावडर टाकूनही कळ्या गळतच आहेत. काय करावे?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही कीड पिठ्या ढेकूण असावी. ती झाडाचा रस शोषते आणि साखरयुक्त चिकट द्रव बाहेर टाकते. त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात आणि मोबदल्यात किडीचे तिच्या शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणूनच केवळ मुंग्या मारून झाड वाचत नाही, मात्र त्यांची वाट अडवणेही आवश्यक असते.

प्रथम अधिक किडलेले शेंडे छाटून पिशवीत बंद करून टाकावेत. उरलेले पुंजके जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात बुडवून, हळुवार घासून काढावेत. किडीच्या अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. त्यानंतर 1 लिटर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रवरूप साबण नीट मिसळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूंसह फवारावे. अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार फवारण्या कराव्यात.

झाडावर लाल, ठिपकेदार ढालकिडा दिसल्यास त्याला कृपया मारू नये. तो किडीच खातो.