मधुमेह आहे, लघवीतून प्रोटीन जायला लागलंय. किडनी वाचवणारं नवीन औषध खरंच आलंय का?

हो, आलंय, पण बिघडलेली किडनी ते पूर्ववत करत नाही, पुढचा बिघाड लांबवतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि किडनीतल्या गाळण्यांवरचा दाबही उतरवतात. माझ्या मते खरी मेख या दुसऱ्या कामात आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डापा-सीकेडी या डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत सुमारे ४,३०० रुग्ण होते. किडनीचं काम निम्म्याने घटणं, ती निकामी होणं किंवा किडनी वा हृदयाच्या आजाराने मृत्यू, यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी भरला. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच, तरी गुण आला. बहुतेकांची रक्तदाबाची, म्हणजे रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालूच होती. तेव्हा ती बंद करून ही घ्यायची नाही.

ही नवी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडं वर जातं, रिपोर्ट बघून दचकू नका. मात्र जुलाब-उलट्या, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून ती थांबवावी लागते, कारण अशा वेळी साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं.