श्रीमंत देश ‘परिहार’ देतात का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: सातवीतल्या मुलीने निबंधात लिहिलं, ‘श्रीमंत देश गरीब देशांना परिहार देतात.’ हे चूक धरायचं का? मग बरोबर काय, मदत, साहाय्य की अनुदान?

बाई, लाल पेन जरा थांबवा. पोरीने घरात ऐकलेला शब्द लिहिलाय. २०१९च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी ओसरलं, तेव्हा आमच्या निपाणी भागात जो तो एकच विचारत होता, ‘परिहार जमा झाला काय?’ भिंत खचलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसून शेजारच्या मावशी पासबुक उघडून दाखवायच्या, ‘अजून काय नाही बघ.’

हा कन्नडातला परिहार, म्हणजे सरकारकडून मिळणारी भरपाई. मराठीत परिहार म्हणजे दूर करणं: शंकेचा परिहार, श्रमपरिहार. फरक क्रियापदात पकडता येतो. इतरत्र मराठीत परिहार ‘करतात’, आपल्याकडे तो ‘मिळतो’, ‘येतो’, ‘जमा होतो’. मी याला अशुद्ध म्हणणार नाही. शेजार म्हटला की देवघेव आलीच. पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला कर्नाटकात ‘काळजी केंद्र’ म्हणतात, ती काळजी आपल्याच काळजातली.

तरीही त्या वाक्यात परिहार बसत नाही. भरपाई नुकसान झाल्यावर मिळते आणि ती देणाऱ्याच्या अंगावरचं देणं असते. श्रीमंत देश नेमकं हेच मान्य करत नाहीत. २०१५च्या पॅरिस हवामान परिषदेच्या ठरावात त्यांनी लिहूनच घेतलं, की हवामानबदलाने होणाऱ्या हानीबद्दलच्या कलमावरून कुणाला भरपाईचा दावा करता येणार नाही. २०२२मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत अशा हानीसाठी निधी मान्य झाला, पण त्यालाही भरपाई म्हटलं गेलं नाही. समुद्रात बुडू लागलेली बेटं मागतात तो मात्र परिहारच. मुलीचा शब्द चुकला, पण चुकून फार मोठ्या भांडणावर बोट ठेवून गेला.

आता तुमचे तीन शब्द. मदत मूळ अरबी, आणि तिच्यात धावून जाणं आहे: भूकंप झाला, तंबू-औषधं पाठवली. साहाय्य वेगळं. ‘सहाय’ म्हणजे सोबत चालणारा, त्याचं भाववाचक नाम साहाय्य. म्हणून ‘सा’ दीर्घ. ‘सहाय्य’ सर्रास छापतात, पण मूळ हे. सोबत चालायला वेळ लागतो, म्हणून वर्षानुवर्षांच्या कामाला मला हाच शब्द पटतो. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर १९७०च्या चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं गेली. पुढे परदेशी पैसा आणि गावोगावचे स्वयंसेवक यांच्या जोरावर निवारे आणि इशारा देण्याची व्यवस्था उभी राहिली. २००७च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. हे साहाय्य. गरीब देशांची बंदरं आणि जकातीची कामं सुधारून त्यांचा माल बाहेर जावा, म्हणून मिळणारा पैसाही यातच धरावा.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातलंही उदाहरण आहे. २००२ ते २००५ या काळात इथल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी झाली. पैसा अमेरिकेतून आलेला, काम गावच्या नर्सबाईंचं. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव गोळी न मिळालेल्यांत १२ टक्के, मिळालेल्यांत ६.४ टक्के.

अनुदान परत करायचं नसतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. घोटाळा होतो तो कर्जाचा. कमी व्याजाची, सवलतीची कर्जंही आंतरराष्ट्रीय हिशेबात ‘विकास साहाय्य’ म्हणून धरली जातात, आणि मग ‘बंगळूर मेट्रोला जपानची मदत’ असे मथळे येतात. ते कर्ज आहे, फेडायचं आहे. सोसायटीतून उचललेल्या पीककर्जाला आपल्याकडे कुणी मदत म्हणतं का? मग वर्तमानपत्रांनी तरी का म्हणावं?

तेव्हा मार्क कापू नका. ‘परिहार’भोवती गोल करून समासात ‘साहाय्य’ लिहा, आणि त्यांच्या घरी परिहार कधी आला होता, ते तिला जरूर विचारा.