इंग्रजीत 'फेन्स' म्हणजे कुंपणही, तलवारबाजीही आणि चोरीचा माल घेणाराही. एका शब्दाला इतके अर्थ कसे?

तिन्ही अर्थांचं मूळ एकच आहे, 'डिफेन्स'. बोलता बोलता पुढचा 'डि' गळाला आणि 'फेन्स' उरला. 'डिफेन्स' इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्यामागे लॅटिन 'देफेन्देरे', म्हणजे मारून दूर सारणं, परतवणं. 'ऑफेन्स'सुद्धा याच धातूचा, म्हणजे हल्ला आणि बचाव सख्खी भावंडं! गाडीचा फेन्डरही याच कुळातला.

म्हणून आधी फेन्स म्हणजे नुसतं रक्षण. आवाराचं कुंपण हा अर्थ साधारण १५व्या शतकातला. तलवारीने वार परतवायची विद्या १६व्या शतकात फेन्सिंग झाली. पुढे १७००च्या सुमारास चोरांच्या बोलीत माल पचवणाऱ्याला फेन्स म्हणू लागले, बहुधा हा व्यवहार गुप्ततेच्या आडोशाला चाले म्हणून.

हा मूळ अर्थ आमच्या खानदेशात शेतावर दिसतो. हद्द दाखवायला बांध पुरतो. कुंपण लागतं ते कोणाला तरी परतवायला. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडे, रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुकरं पिकात शिरतात. बाभळीच्या फांद्या बुडखा आत, काटे बाहेर करून रचायच्या, ही जुनी रीत. आता काटेरी तार आली, पण डुक्कर तिच्या खालून घुसतं आणि रोही वरून उडी मारतो. मग झटका मशीन लावतात, ते तारेत थांबून थांबून क्षणभराचा झटका सोडतं. (ते लावा, पण थेट लाइनचा करंट तारेत कधीच सोडू नका, त्याने माणसं मेली आहेत.) ज्याला मशीन परवडत नाही तो मक्याभोवती काठ्या रोवून जुन्या साड्या बांधतो. साडी कोणाला अडवत नाही, वाऱ्याने फडफडते आणि जनावर बिचकतं. मूळ अर्थाने ती अस्सल फेन्स आहे, असं माझं ठाम मत.

आपली म्हणही हाच अर्थ धरून आहे. 'कुंपणच शेत खातं' यातलं कुंपण म्हणजे राखणदारच.

पेपरात 'कुंपणावरचे आमदार' वाचता, ते मात्र इंग्रजीतून आलेलं. कोणत्याच बाजूला न उतरणाऱ्यांना 'फेन्सवर बसलेले' म्हणायची रीत १९व्या शतकातल्या अमेरिकी राजकारणातली. आपल्या जुन्या म्हणींत कुंपणापर्यंत धावतो तो सरडा.