उशिरा पोचणारा ‘ब्रेक!’

‘गाडी शिकवायला घेतली आणि आमचं बोलणंच बंद झालं,’ असं सांगत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांना बहुधा मुलांच्या बेफिकिरीबद्दल बोलायचं असतं. हे गृहस्थही त्यासाठीच आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी अठराची, शिकाऊ परवाना नुकताच मिळालेला. एकदा तर ती रस्त्याकडेला गाडी थांबवून, चावी वडिलांच्या हातात ठेवून चालत घरी आली होती.

‘ती ऐकतच नाही,’ वडील म्हणाले.

‘बाबा बोलत नाहीत, ओरडतात,’ मुलगी म्हणाली.

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे त्या वादात मी शिरले नाही. शेवटचं भांडण कसं झालं ते दोघांना सावकाश सांगायला लावलं. पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागले, वडील ‘ब्रेक!’ म्हणून ओरडले, ती दचकली, ब्रेक जोरात दाबला, क्लच दाबायचा राहिला आणि गाडी हिसका देऊन बंद पडली. मागून हॉर्न. मग वडिलांचं ठरलेलं वाक्य: ‘लक्ष कुठे असतं तुझं? अभ्यासातही हेच!’

‘मला लाइट दिसले होते,’ मुलगी म्हणाली. ‘पाय ब्रेककडे जातच होता.’

वडील गप्प झाले. तिला दिसलं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

माझ्या मते अशा बहुतेक भांडणांचं मूळ इथेच असतं. शेजारी बसलेल्या पालकाला मुलाला काय दिसतंय ते कळत नाही आणि त्याच्या पायाशी ब्रेकही नसतो. प्रशिक्षणाच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, म्हणून तो शांत राहू शकतो. पालकाकडे असतो फक्त आवाज. तोही उशिरा पोचतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते. वडिलांनी बघायचं, बोलायचं, मुलीने ऐकायचं आणि पाय हलवायचा, यात दोन-तीन सेकंद सहज जातात. म्हणजे वीस-तीस मीटर. सूचना उशिरा सुचली की ती किंचाळूनच बाहेर पडते, आणि मुलांच्या कानाला ती अपमानासारखी लागते. ‘बाबा पायाखालचं मॅट दाबत बसतात, ते बघून मलाच धडकी भरते,’ असंही ती म्हणाली. वडिलांना याचा पत्ताच नव्हता.

त्यात मुरलेल्या चालकाला आपण गियर कधी बदलला हेही आठवत नाही. शिकणाऱ्याचं लक्ष मात्र क्लच, गियर, स्टिअरिंग यांतच संपून जातं. नजर बॉनेटच्या पुढच्या थोड्याशा रस्त्यावर खिळते, आरसे राहून जातात. त्यामुळे ‘इतकी साधी गोष्ट जमत नाही?’ हा प्रश्न पालकाला प्रामाणिक वाटला तरी चुकीचा असतो.

मी सुचवलं, वडिलांनी कमी बोलायचं आणि मुलीने जास्त. गाडी चालवताना तिने धावतं समालोचन करायचं: ‘पुढे सायकलवाला आहे, वेग कमी करते. आरसा बघितला, मागे कुणी नाही.’ काही देशांत पोलीस चालकांना असं शिकवतात. ती जे बोलणार नाही तेवढंच वडिलांनी सांगायचं, तेही आधी आणि साध्या आवाजात. ‘थांब’ हा शब्द खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवायचा. चुकांची चर्चा इंजिन बंद केल्यावर. अभ्यास, फोन, मित्रमैत्रिणी हे विषय गाडीत काढायचेच नाहीत.

‘इतकी बडबड करत ती गाडी काय चालवणार?’ वडिलांनी विचारलं. शंका रास्त होती. गर्दीच्या चौकात हे ओझं होतं. म्हणून सुरुवात रुंद, मोकळ्या रस्त्यावर करायची आणि अवघड जागी समालोचन थांबवायचं, असं ठरलं.

पुढच्या भेटीत वडिलांनी वेगळीच गोष्ट सांगितली. मुलीला पुढच्या गाड्या नीट दिसत होत्या. पण उभ्या गाड्यांच्या मधून एखादा माणूस निघेल, एखादं दार उघडेल, हे तिच्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं. ते ब्रेकवरून आरडाओरडा करत होते आणि शिकवायला हवं होतं ते हे.

भांडणं थांबली असं नाही. चढावर गाडी मागे सरकली की दोघांचाही पारा चढायचाच. पण परवाना मिळाला की काळजी संपेल, असं मुलीच्या आईला वाटत होतं, तेव्हा मला थोडं थांबवावं लागलं. नव्या चालकाला अपघाताचा धोका सर्वांत जास्त असतो तो एकट्याने चालवण्याच्या पहिल्या काही महिन्यांत; रात्री आणि समवयस्क मित्र सोबत असताना तो आणखी वाढतो. हे वडिलांनी सांगितलं असतं तर नवं भांडण झालं असतं. म्हणून मी मुलीलाच नियम सुचवायला सांगितले. सुरुवातीला गाडीत मैत्रिणी नाहीत, हे तिने थोडी घासाघीस करून मान्य केलं. रात्री काही दिवस बाबा शेजारी, पण मॅट न दाबता, ही तिची अट. चढावरचा क्लच मात्र प्रशिक्षकाकडे सोपवायचा, यावर दोघांचं लगेच एकमत झालं.