वणव्याचा मनोरा मोडीत निघू नये म्हणून

प्रश्न : आमच्या गावावरच्या डोंगरात वनखात्याचा जुना लोखंडी टेहळणी मनोरा आहे. आता वणव्याची सूचना उपग्रहावरून मोबाइलवर येते, त्यामुळे मनोरा भंगारात जाईल असं गावात बोललं जातं. वारसा म्हणून त्याला काही किंमत आहे का? आम्ही काय करावं?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : किंमत आहे, आणि ती लोखंडाच्या वजनापेक्षा मनोऱ्याच्या जागेत आहे. धूर दिसला की वरून त्याची दिशा अंशांत घ्यायची, दुसऱ्या मनोऱ्यावरूनही घ्यायची. नकाशावर दोन रेघा छेदतील तिथे वणवा. दिशा एका अंशाने चुकली तर १० किलोमीटरवर जागा सुमारे १७५ मीटर सरकते. म्हणून वर अंशांच्या खुणांचं टेबल शिल्लक असेल तर ते जागचं हलवू नका. एकदा हललं की उत्तरेशी असलेली जुळणी गेली. उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. मधल्या तासांत पेटलेलं गवत माणसालाच आधी दिसतं.

वय कळायला सांधे पाहा. रिव्हेट (ठोकून बसवलेल्या गोल डोक्याच्या खिळी) असतील तर मनोरा बहुधा जुना, वेल्डिंग असेल तर अलीकडचा. लोखंडी अँगलवर कधी कधी कारखान्याचं नाव उठावात असतं; कागद लावून वरून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात. केंद्राच्या १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्याचं संरक्षण मिळायला वास्तू किमान १०० वर्षांची लागते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

वर चढण्याआधी मनोऱ्याचे पाय तपासा. गंज सगळ्यांत जास्त तिथेच, माती साचते त्या वीतभर भागात. हातोडीने हलकं वाजवा : खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोखरलंय, चढू नका. पायाभोवती नुसतं सिमेंट थापणं ही नेहमीची चूक आहे. फटीत पाणी मुरतं, गंज फुगतो आणि सिमेंट तडकतं. त्याऐवजी माती काढा, काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार द्या, तारेच्या ब्रशने गंज उतरवून रेडऑक्साइड प्रायमरचे दोन हात आणि वर ऑइलपेंट द्या. सैल रिव्हेटच्या जागी गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घाला.

मनोरा वनखात्याचा, तेव्हा परवानगीशिवाय हात लावू नका. ग्रामसभेचा ठराव, मापं आणि आठ दिशांचे फोटो जोडून उपवनसंरक्षकांकडे अर्ज द्या. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, म्हणून काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरकावं.